दंड, खाडा आणि मुकादम

परळ, लालबाग किंवा डिलाईल रोड या भागांतील चाळींतून ज्यांचें बालपण गेलें, अशा श्रोत्यांना गिरणीच्या भोंग्याचें वर्णन करून सांगावयास नको. पहांटेच्या काळोखांत होणारा पहिला भोंगा निजलेल्यांस उठवी. त्यापुढील भोंगा वाटेवर असलेल्यांस धांवावयास लावी. आणि शेवटचा झाला कीं गिरणीचें फाटक बंद होई. फाटकाबाहेर राहिलेल्या माणसाचें त्या दिवशीं काय होई, त्याच्या पगारांतून किती कापलें जाई, आणि पुढल्या दिवशीं त्याची जागा त्याला मिळे कीं नाहीं, हें सर्व त्या आवाजांत सामावलेलें असे. हा आवाज म्हणजे केवळ वेळेची सूचना नव्हे. मुंबईच्या कापडगिरण्यांनीं सुमारें ऐंशी वर्षें ज्या साधनाच्या जोरावर माणसांकडून काम करून घेतलें, त्या धाकाचा तो आवाज होता.

कोंकणांतून किंवा घाटावरून आलेला मनुष्य आळशी होता म्हणून हा धाक लागला, असें गिरणीमालक आपल्या साक्षींतून वारंवार सांगत. या म्हणण्यांत फारसें तथ्य नाहीं. भाताच्या खाचरांत गुडघाभर चिखलांत दिवसभर वांकून राहणाऱ्या शेतकऱ्याला कष्ट नवे नव्हते. त्याला नवें होतें तें घड्याळ. शेतीचें काम पावसावर आणि उन्हावर चालतें. तें एके दिवशीं अंगमेहनतीचा कळस करावयास लावतें, तर दुसऱ्या दिवशीं स्वस्थ बसूं देतें. वाफेच्या यंत्राला असा ऋतु नसतो. पट्टा फिरूं लागला म्हणजे हजारों चात्या आणि शेंकडों सांचे एकाच क्षणीं चालूं होतात आणि प्रत्येकापाशीं मनुष्य उभा असावा लागतो. तो तेथें उभा राहावा यासाठीं काय करावें, हा यंत्रयुगांतील प्रत्येक मालकापुढचा पहिला प्रश्न होता. आणि त्याला सुचलेलें पहिलें उत्तर बहुधा एकच होतें.

तें उत्तर मुंबईच्या मालकांना स्वतः शोधून काढावें लागलें नाहीं. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कंपनी काढून मुंबईची पहिली कापसाची गिरणी उभारली, आणि १८५६ सालीं ताडदेव येथें ती चालूं झाली. तिच्यामागून निघालेल्या गिरण्यांना यंत्रें लँकेशायरहून आलीं. तीं चालविण्यांत वाकबगार असे मास्तर आणि व्यवस्थापकही पहिल्या काळांत बहुतांशीं तिकडूनच आले. आणि त्यांच्या सामानाबरोबर तिकडची शिस्तीची रीतही बोटीवरून उतरली. ही रीत कशी होती, तें मँचेस्टरजवळच्या टिल्डस्ली गांवांतील एका सूतगिरणीच्या दंडांच्या यादीवरून कळतें. ही यादी १८२३ च्या सुमाराची असून ती इंग्लंडच्या मजूर-इतिहासांत पुढें फार प्रसिद्ध झाली. खिडकी उघडी ठेवल्यास एक शिलिंग दंड. कामावर असतांना शीळ घातल्यास एक शिलिंग. अंग मळकें आढळल्यास एक शिलिंग. आणि अंग धुतांना आढळल्यासही एक शिलिंग! मळकें राहण्याची चोरी आणि स्वच्छ होण्याचीही चोरी. हें वाचून आज हंसूं येईल; पण त्या यादीचा उद्देश स्वच्छता शिकविण्याचा नव्हताच. आपण केव्हां चुकूं याचा नेम नाहीं, ही जाणीव माणसाच्या मनांत सतत जागी ठेवावी, एवढाच तिचा हेतु होता.

त्याच काळीं स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरणी चालविणाऱ्या रॉबर्ट ओवेननें निराळा प्रयोग केला होता. १८०० सालीं गिरणी हातीं घेतल्यावर त्यानें प्रत्येक कामगाराच्या जागेजवळ एक लांकडी ठोकळा टांगला. त्याच्या चार बाजूंना काळा, निळा, पिवळा आणि पांढरा असे चार रंग असत. आदल्या दिवशीं जसें काम झालें असेल तसा रंग समोर फिरवून ठेवीत. काळा सर्वांत वाईट, पांढरा सर्वांत उत्तम. मारहाण नाहीं, शिव्या नाहींत. ओवेनच्या ठोकळ्यांतही धाक होताच; परंतु तो चारचौघांत वाटणाऱ्या लाजेचा होता, आणि आजचा काळा रंग उद्यां पुसतां येत असे. मुंबईस आली ती टिल्डस्लीची यादी. ओवेनचा ठोकळा कोणी आणला नाहीं.

मुंबईच्या गिरण्यांत धाकाचीं जीं साधनें रूढ झालीं त्यांत सर्वांत मूक आणि सर्वांत बळकट साधन म्हणजे मागें राखलेला पगार. पगार महिन्याचा असे. पण महिना संपतांच तो हातीं येत नसे. नवा मनुष्य एखाद्या महिन्याच्या पहिल्या तारखेस कामास लागला, तर त्याला पहिला पैसा दिसे तो पुढील महिन्याच्या मध्यास किंवा त्याच्याही नंतर. हा दीड महिना त्यानें जगावें कसें? वाण्याकडे उधारीवर, खानावळवालीकडे शब्दावर, आणि त्यानेंही भागलें नाहीं तर व्याजानें पैसे काढून. जन्मभर मग हे दीड महिन्याचें अंतर भरून निघत नसे. शिवाय रीतसर नोटीस न देतां काम सोडलें, तर गिरणीच्या तिजोरींत असलेला पगार बुडे. कोंकणांतल्या माणसाला गांवीं घर होतें, थोडी जमीन होती. काम असह्य झालें तर बोटीनें परत जाण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. दंडानें त्याला अडवितां आलें नसतें. त्याच्या स्वतःच्या घामाचा पैसा ओलीस ठेवून मात्र त्याला अडवितां येत असे.

कायद्याचेंही पाठबळ धाकाला होतें. १८५९ च्या कामगार-करारभंगाच्या कायद्यान्वयें आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानें कामावर परत धाडतां येत असे, आणि हुकूम न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा देतां येत असे. मालकानें करार मोडला तर तो दिवाणी दावा; मजुरानें मोडला तर तो गुन्हा! गिरण्यांपेक्षां मळ्यांवर या कायद्याचा उपयोग अधिक झाला हें खरें; पण काम सोडणें म्हणजे अपराध, ही समजूत त्या काळच्या एकंदर व्यवहारांत किती मुरलेली होती, तें यावरून दिसतें. तो रद्द करण्यास १९२५ साल उजाडावें लागलें.

यानंतर येतात ते दंड. उशीर झाला, दंड. कामावर बोलतांना दिसला, दंड. जागेवर नसला, दंड. एक दिवस न सांगतां घरीं राहिल्यास त्याला खाडा म्हणत. मुंबई इलाख्यांतील कित्येक गिरण्यांत ‘डबल खाडा’ नांवाची रीत असे. ती अशी कीं, एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचा पगार कापावयाचा. घरांत मूल तापानें फणफणलें म्हणून एक दिवस राहिलेल्या माणसाचा त्या दिवसाचा रोज तर जाईच, पण केलेल्या एका दिवसाचाही जाई. विणकरांच्या बाबतींत याहून एक जाचक प्रकार होता. कापडांत दोष निघाला कीं तो तागा विणकराच्याच गळ्यांत बांधीत आणि त्याची किंमत त्याच्या पगारांतून वळती करून घेत. तो तागा मग त्यानें बाजारांत न्यावा आणि मिळेल त्या भावानें फुंकून टाकावा. दोष त्याच्या हाताचा होता, कीं सुताच्या हलकेपणाचा, कीं सांच्याच्या बिघाडाचा, हें ठरवीत असे तो मास्तर. आणि सूत हलकें निघालें असें म्हणण्यांत मास्तराचा स्वतःचाच दोष बाहेर पडण्याचा संभव असे.

दंडाच्या रकमा क्षुल्लक असतात, एकंदर पगारपत्रकाच्या मानानें त्यांची बेरीज कांहींच नाहीं, असें मालक म्हणत. तें खोटें होतें असें नाहीं. परंतु त्या म्हणण्यांतच या पद्धतीचें मर्म उघड होतें. मालकाला दंडाचा पैसा नको होता. त्याला हवी होती दंडाची भीति. आणि भीति रकमेवर अवलंबून नसते. ती अवलंबून असते अनिश्चिततेवर. महिनाअखेर हातीं किती पडेल, याचा हिशेब ज्या माणसाला कधींच मांडतां येत नाहीं, तो आठ आण्यांच्या दंडानेंही वांकतो.

या सर्व व्यवस्थेचा खरा कणा म्हणजे मुकादम, ज्याला गिरणींत जॉबर म्हणत. मालकाला मराठी कामगारांशीं बोलण्याची संवय नव्हती, युरोपियन मास्तराला भाषा येत नव्हती, आणि हजार-दोन हजार माणसांची रोजची भरती करण्यास गिरणीपाशीं कचेरी नव्हती. म्हणून माणसें आणणें, त्यांस काम शिकविणें, त्यांच्यावर नजर ठेवणें, त्यांस काढून टाकणें, हें सगळें एका मुकादमाच्या हवालीं करण्यांत आलें. तो स्वतः कामगारांतूनच वर चढलेला असे. यंत्राची दुरुस्तीही त्याच्याकडेच असे. पुष्कळदां तो आपल्या गांवचीं, आपल्या जातीचीं, आपल्या नात्याचीं माणसें आणी. तोच त्यांस चाळींत जागा पाही, वाण्याकडे जामीन राही, वेळप्रसंगीं कर्ज देई. त्याबद्दल नोकरी लागतांना दस्तुरी घेई, आणि नोकरी टिकावी म्हणून पुढेंही घेत राही. स्त्रियांच्या खात्यांत हाच अधिकार नायकिणीकडे असे, आणि ज्या स्त्रीला घरचा आधार नाहीं तिला नायकिणीची मर्जी म्हणजे काय वस्तु आहे, तें फार लौकर कळे.

मुकादमाच्या हातीं दिलेली सत्ता म्हणजे ‘उद्यांपासून येऊं नकोस’ एवढे तीन शब्द. त्या शब्दांवर दाद मागण्यास जागा नव्हती. फाटकाबाहेर रोज सकाळीं बदली कामगारांचा घोळका उभा असे. कोणाची जागा रिकामी होते याची वाट पाहणारा. आंत काम करणाऱ्याला मान वळविली कीं आपल्या जागेचा वारस दिसे. कामावर असलेल्याची भीति आणि कामावर नसलेल्याची आशा, या दोहोंच्या मधोमध मुकादम उभा होता आणि दोघांकडूनही पैसे घेत होता.

येथें या पद्धतीची एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. मालकानें धाक मुकादमाच्या हातीं दिला. पण ज्याच्या हातीं धाक असतो त्याच्याच भोंवतीं निष्ठाही गोळा होते, कारण संकटांतून सोडविण्याचें सामर्थ्यही त्याचेंच असतें. कामगार मालकाला ओळखत नव्हता. त्याला काढणारा मुकादम, ठेवणारा मुकादम, दंड करविणारा आणि दंड माफ करविणाराही मुकादमच. परिणाम असा झाला कीं, कामगाराला वांकविण्यासाठीं मालकानें उभी केलेली ही काठी मालकाच्याही हातीं राहिली नाहीं. मुकादमाला काढून टाकावें तर तो एकटा जात नसे. त्याची माणसें त्याच्यामागून फाटकाबाहेर पडत आणि सांचे उभे राहत. मजूरसंघ अस्तित्वांत येण्यापूर्वीं मुंबईंत जे लहानमोठे संप झाले, त्यांतील कित्येकांच्या मुळाशीं मुकादमाचें भांडण होतें.

शिवाय कामाचें काय? धाकानें मनुष्य यंत्रापाशीं आणून उभा करतां येतो, हें या पद्धतीनें सिद्ध केलें. पुढें मात्र तिची गति खुंटली. यंत्रांत बिघाड दिसला तर तो सांगणाऱ्याच्याच अंगावर येण्याचा संभव, म्हणून तो सांगावयाचा नाहीं. काम संपवून वेळ उरला तर दुसरें काम गळ्यांत पडण्याचा संभव, म्हणून तें संपवावयाचें नाहीं. १९०८ च्या कारखाना मजूर आयोगापुढें मालकांनीं तक्रार केली ती हीच कीं, कामगार दिवसांतून तास-दोन तास यंत्र सोडून आवारांत विड्या ओढीत, जेवीत, न्हात वेळ घालवितात. ती खरीच होती. बारा-बारा, चौदा-चौदा तास उभें राहण्याचा धाक घातला तर माणसाचें शरीर आपली विश्रांति चोरून घेतें, एवढाच त्याचा अर्थ. त्या आयोगाचे एक सभासद, मद्रासचे डॉ. टी. एम. नायर, यांनीं निराळें मत नोंदवून प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवरही कायद्यानें मर्यादा असावी, असें सांगितलें. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांपुरती ती बारा तासांवर आली.

परंतु धाकाविरुद्ध पहिला शब्द याच्या पुष्कळ आधीं उच्चारला गेला होता, आणि तो मराठींत. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. गिरणींतील कारकुनी कामाचा त्यांना स्वतःला अनुभव होता. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं परळास गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कारखाना आयोगापुढें ठेवला. मागण्या अगदीं साध्या: आठवड्यास रविवारची एक सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, काम सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत, आणि कामावर जखमी झाल्यास बरें होईपर्यंत पगार. यांतील पगाराची मागणी लक्ष्यांत घेण्यासारखी आहे. पगार वाढवा असें अर्जांत म्हटलेलें नाहीं. मिळविलेला पगार वेळेवर द्या, एवढेंच म्हटलें आहे. धाकाची चावी कोठें आहे, हें लोखंड्यांनीं अचूक ओळखलें होतें. रविवारची सुटी १८९० सालीं मिळाली. त्या वर्षीं एप्रिलमध्यें महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि जूनमध्यें मालकांच्या मंडळानें ती मागणी मान्य केली. पगाराच्या तारखेला मात्र आणखी अर्धें शतक लागावयाचें होतें.

मध्यंतरीं एकच प्रसंग असा आला कीं, गिरणीचा धाक एकाएकीं निकामी ठरला. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत प्लेग उघडकीस आला. हिंवाळा सरतां सरतां लाखों लोकांनीं शहर सोडलें. मृत्यूच्या भयापुढें दंडाचें भय तें काय! मागें राखलेला पगार गिरणींत टाकून माणसें कोंकणच्या वाटेला लागलीं. जे मागें राहिले त्यांची किंमत मग मालकांना कळली. महिन्याचा पगार अडकवून ठेवण्याची रीत मोडून रोजची मजुरी रोज संध्याकाळीं मोजण्याची पाळी आली. नाक्यानाक्यांवर गिरण्यांचीं माणसें उभीं राहून एकमेकांवर चढाओढ करून मजुरांस बोली देऊं लागलीं. कालपर्यंत ज्याला फाटकाबाहेर ताटकळत ठेवीत त्याला आज हाताला धरून आंत नेऊं लागलीं. रोज पैसे दिल्यास मनुष्य काम करणार नाहीं, दुसऱ्या दिवशीं येणार नाहीं, असें आजवर सांगण्यांत येत होतें. पण रोज पैसे मिळत म्हणूनच त्या दिवसांत जीं यंत्रें फिरलीं तीं फिरलीं. सांथीचा जोर ओसरल्यावर मालकांनीं आपसांत ठराव करून जुनी रीत पुन्हां बसविण्याची खटपट केली, आणि ती कालांतरानें बसलीही. लोखंडे तें पाहावयास उरले नाहींत. प्लेगाच्या रोग्यांची सेवा करतां करतां ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्याच रोगानें त्यांचा अंत झाला.

धाकावांचून गिरणी चालतच नाहीं, असा जो सिद्धांत मुंबईंत मानला जाई, त्याला नागपुरांत थोडासा छेद गेला होता. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस गिरणी १ जानेवारी १८७७ रोजीं तेथें सुरू झाली. गैरहजेरी ही तेथेंही मोठीच अडचण होती. शेंकडा वीस-वीस माणसें कामावर नसत. गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता आणि स्वतः टाटा यांनीं दंड वाढविण्याऐवजीं माणसाला टिकून राहण्यांत कांहीं लाभ दिसावा अशी योजना केली. हजेरीबद्दल बक्षिसें, १८८६ सालीं पेन्शन फंड, १८९५ सालीं अपघाताची भरपाई, अशा गोष्टी तेथें कायद्याची वाट न पाहतां सुरू झाल्या. यावरून नागपुरास रामराज्य अवतरलें होतें, असें मात्र कोणीं समजूं नये. कामाचे तास तेथेंही लांबच होते, आणि १८७७ सालींच पगाराच्या दरावरून त्या गिरणींत संप झाल्याची नोंद आहे. फरक एवढाच कीं, मनुष्य न आल्यास त्याचें काय हिसकावून घ्यावें याऐवजीं तो आल्यास त्याला काय द्यावें, असा प्रश्न तेथें कोणीतरी विचारला. गिरणी भरभराटीस आली, यांत या प्रश्नाचा वांटा किती आणि कापसाच्या बाजारपेठेशीं असलेल्या जवळिकीचा किती, हें वेगळें काढून दाखविणें अवघड आहे.

मुंबईंत धाकाचा हिशेब चव्हाट्यावर आला तो १९२८ सालीं. युद्धोत्तर मंदी, जपानची स्पर्धा, आणि त्यांवर उपाय म्हणून कमी माणसांकडून अधिक यंत्रें चालवून घेण्याची नवी योजना. दोन सांच्यांच्या ठिकाणीं तीन सांचे संभाळावयाचे. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारें दीड लाख कामगार संपावर राहिले. संपाच्या मागण्यांत पगाराच्या दरांबरोबर दंडाचा, खराब कापड गळ्यांत बांधण्याचा आणि गिरणीच्या नियमांचाही प्रश्न होता. न्यायमूर्ति फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या कमिटीपुढें गिरण्यांच्या कायम नियमांची कलमवार छाननी झाली. हें आजच्या दृष्टीनें किरकोळ वाटेल. पण दंड कशाबद्दल, किती, आणि कोणाच्या हुकुमानें, हें आजवर मास्तराच्या आणि मुकादमाच्या मर्जीचें होतें. तें कागदावर उतरून एका न्यायाधीशासमोर वाचलें गेलें, ही गोष्टच नवी होती.

पुढल्या वर्षीं व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालीं शाही मजूर आयोग आला. त्यांत कामगारांची बाजू जाणणारे ना. म. जोशी होते आणि मुंबईचे मोठे गिरणीमालक सर व्हिक्टर ससूनही होते. १९३१ च्या अहवालांत आयोगानें मुकादमाच्या हातून भरतीचा आणि बडतर्फीचा अधिकार काढून घ्यावा, त्यासाठीं गिरण्यांनीं मजूर-अधिकारी नेमावे, आणि दंडाला कायद्यानें आळा घालावा, अशा शिफारशी केल्या. त्यांतूनच १९३६ चा वेतन-अदायगीचा कायदा जन्मास आला व पुढल्या वर्षीं अंमलांत आला.

या कायद्याचीं कलमें म्हणजे मागील ऐंशी वर्षांच्या गाऱ्हाण्यांची उलट बाजूनें लिहिलेली यादीच आहे. लहान कारखान्यांत महिना संपल्यापासून सात दिवसांत आणि हजार किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांत दहा दिवसांत पगार दिला पाहिजे. लोखंड्यांनीं पंधरा दिवस मागितले होते. कोणत्या चुकीबद्दल दंड होईल त्यांची यादी सरकारची मंजुरी घेऊन लावली पाहिजे. दंड करण्यापूर्वीं त्या माणसाचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. पंधरा वर्षांखालील मुलास दंड करतां येणार नाहीं. साठ दिवसांनंतर दंड वसूल करतां येणार नाहीं. एका पगारांत दंडाची एकूण रक्कम रुपयास अर्ध्या आण्याहून अधिक होतां कामा नये. दंडाची नोंद वहींत झाली पाहिजे आणि तो पैसा कामगारांच्याच हिताच्या कामीं खर्चिला पाहिजे. गैरहजेरीबद्दल गैरहजेरीच्याच प्रमाणांत पगार कापतां येईल, त्याहून अधिक नाहीं. म्हणजे डबल खाडा संपला. दंडाचा पैसा मालकाकडे राहीनासा झाला, त्याला मर्यादा पडली, आणि त्याला वही आली. वहींत लिहावा लागणारा धाक हा फारसा धाक उरत नाहीं.

तरी त्याच कायद्यांत एक खिडकी उघडी राहिली होती. दहा किंवा अधिक कामगार एकजुटीनें, नोटीस न देतां, सबळ कारणावांचून गैरहजर राहिले, तर करारांत तशी अट असल्यास त्यांचा आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा मालकाला देण्यांत आली. एकट्याचा खाडा एकेरी झाला. दहाजणांचा मात्र आठपट होऊं शकत होता. कायदा करणाऱ्यांना आतां भय कोणाचें वाटूं लागलें होतें, तें या कलमावरून समजतें.

मुकादमाचा अधिकार कमी करण्यासाठीं मुंबईच्या गिरणीमालक संघानें १९३५ पासून बदली कामगारांना कार्डें देण्याची पद्धत सुरू केली. महिन्याच्या पहिल्या तारखेस ठराविक माणसांस कार्ड द्यावयाचें, आणि रिकामी जागा त्यांच्यांतूनच भरावयाची, म्हणजे मुकादमाला वाटेल त्यास आंत घेतां येऊं नये, अशी ती योजना. तिनें दस्तुरीचा बाजार बराच मोडला. पण फाटकाबाहेरचा घोळका मोडला नाहीं. पूर्वीं मनुष्य मुकादमाच्या मर्जीवर बदली होता, आतां कार्डावर बदली झाला. आणि वर्षानुवर्षें बदलीच राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं अडीच लाखांच्या सुमारास कामगार बाहेर पडले, तेव्हां त्यांच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करा ही एक मागणी होती. तो संप कधीं रीतसर मागें घेतला गेला नाहीं. एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या, आणि त्यांबरोबर भोंगेही थांबले.

दंडाची मर्यादा मात्र टिकली. रुपयास अर्धा आणा म्हणजे शेंकड्यास तीन रुपये दोन आणे. आणे गेले, दशमान पद्धत आली, तेव्हां ती शेंकडा तीन अशी गोळाबेरीज झाली. आणि १९३६ च्या कायद्याची जागा घेण्यासाठीं २०१९ सालीं संसदेनें संमत केलेल्या वेतन संहितेंतही दंडाच्या कलमापुढें तोच तीनाचा आंकडा आहे.